आधी ब्रेक, मग फेक

पोरी, हँडबॉलच्या राज्य शिबिरासाठी तुझी निवड झाली, पेढे पोचले, शेजारपाजारी वाटूनही झाले. आता मावशीसाठी थोडा वेळ काढ. तुझा जम्प शॉट मी पाहिलाय. डावा पाय दाबून उसळी, छाती उघडलेली, कोपर खांद्याच्या वर आणि नजर गोलकीपरला चकवणारी. त्यावर मी एक शब्द बोलणार नाही, तो तुझ्या सरांचा प्रांत. मला बोलायचंय ते चेंडू हातातून सुटल्यानंतरच्या क्षणाबद्दल. त्या क्षणाकडे प्रेक्षकांचं सोड, खेळणाऱ्यांचंही लक्ष नसतं.

चेंडू गेला. हात मात्र अजून त्याच वेगाने पुढे निघालेला असतो आणि त्याला कुणीतरी आवरावं लागतं. छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू हात भिरकावतात; आवरायचं काम मुख्यतः खांद्यामागच्या लहान स्नायूंवर येऊन पडतं. वरच्या दर्जाच्या पुरुष खेळाडूंचा चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. तुझा तेवढा जात नसेल, पण तुझे मागचे स्नायूही त्यांच्याएवढे नाहीत. त्यात खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. बशी उथळ, म्हणून हात चहूबाजूंना फिरतो. आणि उथळ म्हणूनच ते लिंबू जागेवर राखायला भोवतीच्या स्नायूंना क्षणोक्षणी जागं राहावं लागतं. मेंदूने हुकूम द्यायचा, नसेने पोचवायचा, स्नायूने वेळेवर पाळायचा. हे सगळं सरावाने चोख करणं म्हणजे तुमच्या फिजिओंचं न्यूरोमस्क्युलर ट्रेनिंग. ताकद त्यात लागतेच, पण वेळेवर पोचणारी ताकद.

माझा कानमंत्र चार शब्दांचा आहे. आधी ब्रेक, मग फेक. बाकीचं आता एकेक करून घे.

१. खांद्याची दहा मिनिटं सरावाच्या आधी, वॉर्म-अपमध्येच घाल — सराव संपल्यावर पाणी, गप्पा आणि घरची ओढ असते, आणि शेवटाला ठेवलेलं काम रोज उद्यावर जातं.

२. आधी अंग गरम होईपर्यंत धाव, मग व्यायामाचा रबरी बँड हातात घे — थंड खांद्याला ताण दिला की तो कुरकुरतो, आणि तुला वाटतं व्यायामच वाईट.

३. आठवड्यातून तीनदा कर, पण हंगामभर कर — पंधरा दिवस रोज घाम गाळून मग राम राम ठोकला, तर शिकलेलं स्नायूही विसरतात.

तीनदा हा आकडा नॉर्वेतला. तिथल्या मुलींनी २००८, २०१२ आणि २०२४ साली ऑलिंपिकचं सुवर्ण नेलंय, तेव्हा खांद्याचा विचार तिथे मुळापासून झाला यात नवल नाही. ओस्लोच्या क्रीडा-दुखापत संशोधन केंद्राने अव्वल फळीतल्या पुरुष खेळाडूंच्या खांद्यांवर एक अख्खा हंगाम नजर ठेवली, तर सरासरी २८ टक्के खेळाडूंची खांद्याची काही ना काही तक्रार चालूच होती. मग २०१४-१५च्या हंगामात ४५ संघांतल्या ६६० स्त्री-पुरुष खेळाडूंना घेऊन त्यांनी पडताळणी केली. जवळपास निम्म्या संघांना वॉर्म-अपमध्ये दहा मिनिटांचा खांद्याचा कार्यक्रम दिला, आठवड्यातून तीनदा. बाकीच्यांचं नेहमीचं चालू ठेवलं. कार्यक्रम करणाऱ्यांत तक्रारींचं सरासरी प्रमाण १७ टक्के निघालं, न करणाऱ्यांत २३, आणि धोका २८ टक्क्यांनी उतरला. दुखणं पार गेलं असं कुणी म्हणत नाही, तूही म्हणू नकोस. पण दहा मिनिटांत एवढं पदरात पडत असेल तर ते सोडायचं कशाला?

त्या कार्यक्रमात कुठलीही महागडी यंत्रं नव्हती. मागच्या स्नायूंची ताकद, पाठीवरच्या फऱ्यांचा ताबा, हाताचं आत वळणं, पाठीचा मोकळेपणा, आणि पायापासून हातापर्यंतचा ताळमेळ, एवढ्याच गोष्टी. मी पुढे सांगतेय तेही यातलंच, आपल्या मैदानावर जमेल असं.

४. बँड गोलपोस्टला बांध, कोपर अंगाला लावून काटकोनात ठेव आणि हात बाहेरच्या बाजूला ओढ. परत येताना मनात तीन आकडे मोज — हात आवरायची सवय लागते ती त्या संथ परतीत. पुढचे मिरवती, मागचे सावरती.

५. कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये घडी घातलेला नॅपकिन धर — तो पडला की समज, कोपर सुटलं आणि खांद्याचं काम कमरेने उरकलं.

६. हे नीट जमू लागलं की हात खांद्याच्या उंचीला नेऊन, फेकायच्या अवस्थेत, तोच व्यायाम कर — चेंडू तू कोपर अंगाला चिकटवून फेकत नाहीस, मग ब्रेकही जिथे लागतो तिथेच शिकायला हवा.

७. एका गुडघ्यावर बस, हात काटकोनात वर धर, आणि मैत्रिणीला मागून हलका चेंडू तुझ्या तळहातात टाकायला सांग. हात पुढे जाताना आवर आणि चेंडू तसाच मागे परत फेक — हाताला शेवटच्या क्षणी आवरायचं शिक्षण याहून सरळ कुठे मिळत नाही. चेंडू आवरता येत नसेल तर तो तुझ्यासाठी अजून जड आहे, हलका घे.

८. जितके पुश-अप्स, तितकंच मागे ओढायचं काम — पुढचे स्नायू रोजच्या फेकीनेच तयार होतात, मागच्यांना आपणहून कुणी बोलावत नाही.

आता फऱ्यांकडे ये. पाठीवरचं ते तिकोनी हाड बरगड्यांवर सरकत असतं, आणि खांद्याची बशी त्याच हाडाचा भाग आहे. हात वर जाताना फरा वेळेवर वळला नाही तर बशी जागेवर राहत नाही. मुली दंड फुगलेले बघून खूश होतात, फरा कुणाला दिसत नाही. मला विचारशील तर शिबिराला जाण्याआधी या एका हाडावर मेहनत घे.

९. पुश-अपमध्ये पूर्ण वर आल्यावर आणखी दोन बोटं जमीन ढकल, म्हणजे पाठ किंचित वर उचलली जाईल — फऱ्याला बरगड्यांशी धरून ठेवणारा स्नायू त्या शेवटच्या दोन बोटांत जागा होतो.

१०. पालथी झोप, कपाळ टॉवेलवर टेकव, हात डोक्याच्या पुढे तिरके पसर आणि अंगठे आभाळाकडे ठेवून ते जमिनीपासून चार बोटं उचल. खांदे कानाकडे चढू देऊ नकोस — खांदे चढले की काम मान करते, आणि दुसऱ्या दिवशी आईला तेल चोळायला लावतेस.

११. हात हळूहळू वर नेऊन खाली आणताना मैत्रिणीला मागून मोबाइलवर टिपायला सांग — एका बाजूचा फरा उठून दिसत असेल, विशेषतः हात खाली येताना, तर फिजिओला दाखवायला ते उपयोगी पडतं.

पण त्या व्हिडिओवरून स्वतःचं भविष्य काढत बसू नकोस. नॉर्वेत आधी २०६ पुरुष खेळाडूंच्या अभ्यासात असं दिसलं होतं, की बाहेर वळवायची ताकद कमी, हाताचं फिरणं कमी आणि फऱ्यांचा ताबा ढिला असेल तर दुखण्याचा संबंध लागतो. पुढे ३२९ स्त्री-पुरुष खेळाडूंत तेच तपासलं तर ते संबंध पक्के ठरले नाहीत. म्हणून माझं मत ठाम आहे. चाचणीत कोण कच्चं निघतं ते बघून निवडक मुलींना व्यायाम देऊ नये, अख्ख्या संघाने करावा.

१२. हात फेकायच्या अवस्थेत धर, डोळे मीट, आणि मैत्रिणीला मनगटावर कुठूनही हलके धक्के द्यायला सांग. हात जागचा हलू द्यायचा नाही — सामन्यातला धक्का सांगून येत नाही. डोळ्यांच्या आधी खांद्याला कळावं, ही खरी शिकवणी.

१३. डोळे मिटूनच हात एका उंचीला ने, ती जागा लक्षात ठेव, हात खाली घे, परत तिथेच ने. मैत्रीण सांगेल किती चुकलं — आपला हात कुठे आहे हे सांध्याला न बघता कळायला लागतं, आणि दमल्यावर ते कळणं मंदावतं. म्हणून अधूनमधून सरावाच्या शेवटीही करून बघ.

१४. प्लँकमध्ये दोन्ही तळहात चेंडूवर ठेवून अर्धा मिनिट टिक. जमलं की साध्या प्लँकमध्ये आळीपाळीने एकेक हात उचलून दुसऱ्या बाजूचा खांदा शिव, कंबर न डुलवता — चेंडू हलतो, खांद्याला सारखं सावरावं लागतं, आणि सावरता सावरताच तो शिकतो.

१५. खडूने ३ फुटांवर दोन रेघा मार, पुश-अपच्या अवस्थेत एकेक हात दोन्हींवर ठेव, आणि १५ सेकंदांत एका हाताने दुसऱ्याला किती वेळा शिवतेस ते मोजून वहीत लिही — महिन्याने पुन्हा मोजलंस की मेहनत कुठे लागली ते कळतं. तुलना तुझी तुझ्याशीच, शेजारच्या वेणीवालीशी नको.

१६. डाव्या पायावर उभी राहून पास दे आणि घे, मग डोळ्यांसमोर कुणाला हात हलवायला लावून दे — फेकीचा जोर पायातून निघून कमरेतून वर येतो. तो वाटेत अडला की उरलेलं सगळं खांद्याला एकट्याने द्यावं लागतं. गोल दिसे हाती, पण पिके पायी.

१७. कुशीवर झोप, गुडघे पोटाशी घे, आणि वरचा हात उघडत मागे जमिनीकडे ने, नजर हाताबरोबर फिरव — वर्गातल्या बाकावर दिवसभर बसून पाठ आखडते, आणि पाठ वळली नाही की खांद्याला जास्त मागे जावं लागतं.

१८. उसळी कमी पडायला लागली की त्या दिवशीच्या जोरदार फेकी थांबव — पाय दमल्यावर मारलेला प्रत्येक शॉट नुसत्या हाताने मारलेला असतो.

१९. फेकणाऱ्या हाताच्या कुशीवर झोप, दंड खांद्याच्या रेषेत जमिनीवर, कोपर काटकोनात, आणि दुसऱ्या हाताने मनगट जमिनीकडे हलकेच ने — फेकणाऱ्यांचा हात बाहेर जास्त वळतो आणि आत कमी, तो आतला मोकळेपणा राखायचा. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचलं तर हे सोड, हात छातीसमोरून आडवा ओढ.

२०. दोन्ही हातांची तुलना करताना आतलं आणि बाहेरचं वळणं मिळून बघ — लहानपणापासून फेकणाऱ्याचं दंडाचं हाडच थोडं वेगळं वळून घडतं, त्यामुळे नुसतं आतलं कमी दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

२१. मैत्रिणीला पाठीमागून तुझे दोन्ही हात ओढू देऊ नकोस, सगळ्या मैदानांवर करतात तरीही — फेकणाऱ्याच्या खांद्याची पुढची बाजू आधीच सैल असते, तिला आणखी सैल करून काही कमावत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम बसलेय ती सांगते. व्यायाम कितीही केलेस आणि खेळाचं प्रमाण एकदम वाढवलंस तर खांदा ऐकत नाही. डेन्मार्कमध्ये ६७९ तरुण खेळाडूंचा ३१ आठवडे हिशेब ठेवला गेला. ज्यांचा एखाद्या आठवड्यातला खेळ मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त वाढला, त्यांच्यात खांद्याच्या दुखापतीचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. ज्यांचे मागचे स्नायू किंवा फऱ्यांचा ताबा कच्चा, त्यांना तर २० ते ६० टक्क्यांची वाढही जड गेली.

हे वाचल्यावर मला आपल्या मुलींचं वर्ष डोळ्यांपुढे येतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची धावपळ, मग परीक्षा आणि क्लासमुळे महिनाभर चेंडूला हात नाही, आणि मग शिबिर, सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं. २०२२ साली अल्माटीला आपल्या ज्युनिअर मुली आशियाई विजेत्या झाल्या, २०२३ साली प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकला. हे बघून तुझ्यासारखीच्या अंगात वारं शिरणं साहजिक आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे. फक्त वाढवायचं ते चिमटीने वाढव, ओंजळीने नको.

२२. शिबिराच्या चार आठवडे आधीपासून हळूहळू सराव वाढवत ने — म्हणजे दोन सत्रांचा पहिला दिवस खांद्याला परका वाटणार नाही.

२३. रोज किती मिनिटं खेळलीस आणि साधारण किती जोरदार फेकी झाल्या, दोन ओळी वहीत टाक — मागच्या महिन्याचं मनाने आठवत नाही, आणि सरांना "जास्त होतंय" सांगायचं तर आकडा हातात असलेला बरा.

२४. परीक्षेच्या दिवसांत चेंडू राहिला तरी बँड सोडू नकोस, अभ्यासाच्या खुर्चीला बांधला तरी चालतो — महिन्याभराच्या खंडानंतर फेक लगेच आठवते, ब्रेक आठवायला वेळ लागतो.

२५. खंड पडला असेल तर पहिला आठवडा पास आणि हलक्या फेकीत घालव — रिकाम्या गोलावर एकटीने चेंडू मारत सुटायचा मोह याच आठवड्यात सगळ्यात जास्त होतो, ओळखते मी तुला.

२६. तुझा चेंडू साइज २, घेर ५४ ते ५६ सेंटिमीटर, वजन ३२५ ते ३७५ ग्रॅम. दादाच्या साइज ३ने "ताकदीसाठी" सराव करू नकोस — तो १०० ग्रॅमने जड असतो, मुठीत मावत नाही, आणि पकड सुटू नये म्हणून सगळा हात आखडून फेकला जातो. वाढत्या वयात दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला वाढीची पट्टी असते, तिच्यावर हा भार येतो.

२७. बँड दोन घे, एक हलका, एक मध्यम, आणि वापरण्याआधी बोटांनी ताणून चीर गेली का ते बघ — उन्हात वाळलेला बँड तुटला की थेट तोंडावर येतो.

२८. पडायला मऊ मॅटवर शीक. हात ताठ टेकण्याऐवजी कोपर सैल ठेवून वळून लोळायचं — आपली बरीच मैदानं मातीची नाहीतर सिमेंटची, तिथे ताठ हातावर पडलेल्या अंगाचा सगळा धक्का मनगटातून खांद्यात चढतो.

२९. डिफेन्स करताना फेकायला उचललेला हात मागून कधीही ओढू नकोस, गुण गेला तरी चालेल — मागे ताणलेल्या खांद्याला तो एक हिसका सांधा निखळायला पुरतो, आणि नियमानेही ते लाल कार्डापर्यंत जाऊ शकतं.

३०. तुमच्या गोलकीपरलाही सांग, चेंडू अडवताना कोपर किंचित वाकलेलं असू दे, आणि दंडाच्या पुढच्या बाजूचा व्यायाम तिनेही करावा — ताठ कोपरावर पुन्हा पुन्हा चेंडू आदळला की ते उलट्या बाजूला ताणलं जातं आणि दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं.

३१. खांदा पहिल्यांदा बोलला त्याच दिवशी सरांना सांग — दोन दिवस फेकी कमी करून जे मिटतं, तेच लपवलं तर हंगाम खातं. संघातली जागा जाईल म्हणून गप्प बसतात सगळ्या, मला माहीत आहे. तू नको बसूस.

३२. सामन्याआधी दुखण्याची गोळी घेऊन उतरू नकोस — गोळीने दुखणं झाकतं, स्नायू तेवढाच दमलेला राहतो, आणि थांब म्हणणारा आवाज मात्र बंद होतो.

३३. रात्री झोपमोड होईल इतकं दुखलं, हाताला मुंग्या आल्या, किंवा उंच धरलेल्या हातातून चेंडू गळायला लागला, तर थेट डॉक्टरकडे जा — हे मालिशचं काम नव्हे. खांदा निखळलाच तर मैदानावर कुणालाही तो बसवू देऊ नकोस. ओढणीने हात अंगाशी बांध आणि दवाखाना गाठ, कारण ओढाताणीत नस किंवा हाड दुखावू शकतं.

३४. दुखण्यातून परत येताना फिजिओने हो म्हटल्यावर आधी जवळचे पास, मग लांबचे, मग उभ्याने शॉट, आणि जम्प शॉट सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच पायरी चढ — संध्याकाळी अंग गरम असतं तेव्हा सगळंच छान वाटतं. खांद्याचा खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना लागतो, हात डोक्यामागे सहज गेला तरच पुढची पायरी.